चंदी बारा महिन्यांची

वर्सोव्याला ज्येष्ठाच्या सुमारास समुद्र बंद होतो. आमच्या लहानपणी तो आकाशाकडे पाहून बंद होत असे, हल्ली १ जूनपासून सरकारी हुकमाने होतो, फरक तेवढाच. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात, त्यांच्यावर आच्छादने पडतात, फाटकी जाळी ओसरीवर येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत सारा कोळीवाडा हातात दोरा घेऊन बसतो. आमचे घर कोळीवाड्याला लागूनच. शेजारच्या आजींना मी एकदा पोरवयाच्या आगाऊपणाने विचारले होते, की दोन महिने धंदा बंद म्हणजे तुमचे नुकसान केवढे! आजी सुकटीची टोपली पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माणसं कशीबशी जगतात रे. होडीचं काय! उभी राहिली तर राहिली. ती काय जेवायला मागते?"

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. ते आठवले पुष्कळ वर्षांनी, माथेरानला, एका तबेल्याच्या दारात. तेव्हापासून मला माथेरानचा इतिहास त्या वाक्याच्या उजेडातच दिसतो. होडी जेवायला मागत नाही, घोडा मागतो. पर्यटक असो वा नसो, आषाढ असो वा दिवाळी, सकाळी त्याच्यापुढे गवत आणि संध्याकाळी चंदी पडलीच पाहिजे. हंगाम आठ महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचे, हे गणित ज्याला सोडवावे लागते त्या माणसाविषयी मला आज लिहायचे आहे.

माथेरानच्या कोणत्याही माहितीपत्रकात पहिले नाव मालेटसाहेबांचे असते. ह्यू पॉइंट्झ मालेट हा ठाण्याचा कलेक्टर. १८५० च्या मे महिन्यात त्याचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. उन्हाने हैराण झालेला हा साहेब फिरत फिरत डोंगर चढला, वरच्या गर्द झाडीने आणि गारव्याने मोहून गेला आणि पुढे तेथे त्याने घरही बांधले. त्याला 'बाइक' असे नाव होते. याला 'माथेरानचा शोध' म्हणतात. ज्या डोंगरावर ठाकर, कातकरी आणि धनगर पिढ्यान् पिढ्या वावरत होते, तो डोंगर कोणाला सापडला आणि कोणापासून हरवला होता, हा प्रश्न विचारायचा नसतो. असो. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने पुढे तेथे बंगला बांधला आणि गव्हर्नर जातो तेथे मुंबईचे शेटसावकार जाणारच, या न्यायाने माथेरान वसले.

पण जायचे कसे? १८५६ साली आगगाडी कल्याणहून खोपोलीपर्यंत गेली आणि नेरळ स्टेशन वाटेवर आले. नेरळला उतरले की समोर सुमारे अडीच हजार फुटांचा डोंगर उभा. तो चढायचे तीन मार्ग: आपले पाय, दुसऱ्याचे खांदे आणि तट्टू. पालखीत बसणारे पालखीत बसत, उरलेले तट्टावर. म्हणजे माथेरानच्या बंगल्यांच्या आधी माथेरानचे घोडे आहेत. पॉइंटांना साहेबांची आणि मडमांची नावे मिळाली, तळ्यालाही शार्लोट हे नाव मिळाले. परंतु ज्यांच्या पाठीवर बसून ही मंडळी तेथवर पोहोचली, त्या तट्टांचे वा त्यांच्या धन्यांचे नाव एकाही कड्याला नाही.

दख्खनचे तट्टू हे जनावर दिसायला सामान्य, उंचीने बेताचे. पण भीमथडीच्या तट्टांनी एके काळी अटकेकडची वाट तुडवली होती, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. थोड्या चाऱ्यावर राहणे, खडकाळ वाट न चुकणे आणि दमले तरी चेहऱ्यावर न दाखवणे, हे त्याचे गुण. शेवटचा गुण त्याच्याच मुळावर येतो. भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद व्हायला मात्र अगदी अलीकडची वर्षे उजाडावी लागली.

पुढे आले सर आदमजी पीरभॉय. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एकदा सर आदमजी माथेरानला जायला म्हणून नेरळला उतरले, तर एकही तट्टू मोकळे नाही आणि एकही पालखी शिल्लक नाही. रागारागाने ते परत फिरले आणि म्हणाले, आता वर जाईन तर माझ्या स्वतःच्या आगगाडीने. खरेखोटे पीरभॉयच जाणोत! खरे एवढे, की त्यांच्या कुटुंबाने सुमारे सोळा लाख रुपये घालून, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या देखरेखीखाली, १९०४ ते १९०७ या काळात दोन फुटी रुळांची ती नागमोडी गाडी डोंगरावर नेली. एका तट्टाची गैरहजेरी सोळा लाखांना पडली, असे म्हणायला हरकत नाही.

येथे कोणालाही वाटेल, की आता घोड्यांचे दिवस भरले. मुंबईत तर नेमके तेच घडत होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते असे सांगतात. आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली तेव्हा ते सारे इतिहासजमा झाले. योगायोग असा, की ज्या वर्षी मुंबईच्या ट्रामचा घोडा सुटला, त्याच वर्षी माथेरानची गाडी सुरू झाली. पण माथेरानचा घोडा काही सुटला नाही. उलट गाडीने जी माणसे वर आणली, त्यांना पॉइंट दाखवायला जास्तच घोडे लागू लागले. कारण माथेरानवर मोटारगाडी चालत नाही. दस्तुरी नाक्यापर्यंत मोटार येते आणि तेथे थांबते. पुढे लाल माती, झाडांची कमान आणि टापांचा आवाज. म्हणजे सगळीकडे यंत्राने हाकलून दिलेला घोडा येथे एका नियमाच्या आश्रयाने राहिला.

मी पहिल्यांदा माथेरानला गेलो तो १९६२ च्या दिवाळीनंतर. तेव्हा अंधेरी स्टेशनाबाहेर टांगे उभे असत आणि वर्सोव्याहून स्टेशनापर्यंत आम्ही टांग्यानेच आलो होतो, त्यामुळे घोडा मला काही नवलाचा नव्हता. नवलाचे होते ते घोड्यावर एकट्याने बसणे. घोड्याचे नाव राजा. त्याचा धनी, ज्यांना आम्ही पुढे आयुष्यभर मामा म्हणत आलो, लगाम धरून शेजारून चालत होता. वडिलांनी घासाघीस करून आठ आणे कमी केले होते आणि त्या आठ आण्यांचा मला भारी अभिमान वाटला होता. लुईझा पॉइंटहून परत आल्यावर मी हट्ट धरला, आणखी एक फेरी. मामांनी घोड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि निघाले. दुसरी फेरी झाल्यावर तिसरीसाठी मी भोकाड पसरले, तेव्हा कोठे आईने मला खाली ओढले.

घोड्यावर मी बसलो होतो. मामा चालत होते, तेही अनवाणी. राजाने जेवढे मैल कापले तेवढेच मामांनीही कापले होते, हे माझ्या ध्यानात यायला पुढे वीस वर्षे लागली. माथेरानला घोड्यावर बसणारा एकच असतो. दमणारे दोघे असतात.

मामांच्या तबेल्यात मी पुढे अनेकदा बसलो. त्यांच्याकडून जे शिकलो ते कोठल्या पुस्तकात मला सापडले नाही. घोड्याचे पोट मोठे आणि जठर लहान. म्हणून त्याला दिवसभर थोडेथोडे खावे लागते. एकदम पोटभर घातले, की शूळ उठतो. आणि घोड्याला वांती होत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर काढायची सोय नाही. पोटशुळाने लोळणारे जनावर रात्रभर चालवत फिरवायचे, त्याला खाली बसू द्यायचे नाही, अशा रात्री मामांनी किती काढल्या असतील त्याला हिशेब नाही. दिवसाला सहासात किलो चारा, वर भिजवलेले हरभरे आणि कोंडा, वीसतीस लिटर पाणी. आणि माथेरानच्या उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हे तेथे मे महिन्यात राहिलेल्याला ठाऊक आहे. पाचसहा आठवड्यांनी नाल बदलायचे. नालबंदाचा हात हलका असावा लागतो. खिळा अर्धा गव्ह आत गेला, की घोडा महिनाभर बसून.

आता ऋतूंचे पाहा. दिवाळीला हंगाम उघडतो. नाताळात गर्दी, मग थोडी उसंत, मग एप्रिल-मेची झुंबड. त्या झुंबडीत लाल धूळ अशी उडते, की घोडा आणि माणूस दोघेही खोकतात. मृग लागला की सारे एकदम थंडावते. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात. तेथला पाऊस हा पाऊस नव्हे, ढगच घरात येऊन बसतो. मामा आपली दोन्ही घोडी खाली नेरळच्या बाजूला ओळखीच्यांच्या वाडीत आणून ठेवत. का, तर ओल. सततच्या ओलीने खूर कुजतो. त्याला दुर्गंधी सुटते आणि घोडा पाय टेकेनासा होतो. खाली निदान कोरडा कोपरा मिळे आणि हिरवे गवत फुकट. तरी चंदी विकतच. श्रावण येईपर्यंत मामींच्या हातातल्या बांगड्या एकदोनदा सावकाराकडे जाऊन येत. "घोडं पावसाळ्यात बायको खातं," असे मामा हसत म्हणत, आणि मामी हसत नसत.

दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडे, कपाळाला कुंकू लागे आणि घोडी डोंगर चढून वर जात. चार महिने बसून राहिलेल्या जनावराला एकदम माणूस उचलता येत नाही; म्हणून पहिले आठ दिवस रिकामे खोगीर घालून नुसते फिरवायचे. ही मेहनत पर्यटकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो दिवाळीतला तयार घोडा.

हाच व्यवहार जगाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, बर्फात चालतो, हे मला फार उशिरा कळले. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात कुत्री जुंपलेल्या घसरगाड्या चालतात. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी हातोहात ६७४ मैल औषध पोहोचवले, तेही साडेपाच दिवसांत. पुढे १९६० च्या सुमारास बर्फावर चालणारी मोटार आली आणि घरोघरची कुत्री कमी होत गेली. आज तेथे कुत्री पाळणारे पुष्कळजण पर्यटकांना फेरफटका मारून आणण्यावर पोट भरतात. थंडीत बर्फ आहे तोवर धंदा. उन्हाळ्यात बर्फ वितळते, दाट केसांच्या त्या जनावरांना थोड्याशा उष्म्यातही धाप लागते; तरी चाळीस कुत्र्यांच्या चाळीस ताटल्या रोज भराव्याच लागतात. मग कोणी चाकांची गाडी जोडून पहाटेच्या गारव्यात फेऱ्या मारतात, कोणी नुसती कुत्र्यांची वस्ती दाखवून पैसे घेतात. आपल्याकडे आषाढ, त्यांच्याकडे उन्हाळा. चंदीचे गणित तेच.

या बर्फाच्या गोष्टीत हिंदुस्थानचे एक पान आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही, म्हणून थोडे आडवळण घेतो. १९११ साली दक्षिण ध्रुवाची शर्यत लागली. नॉर्वेचा आमुंडसेन ५२ कुत्री घेऊन निघाला, १४ डिसेंबरला ध्रुवावर पोहोचला आणि परत आला तेव्हा कुत्री उरली होती ११. बाकीची वाटेत मारून माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनीच खाल्ली होती. ते सारे आधीच ठरवलेले होते. इंग्रज कॅप्टन स्कॉटने तट्टे, मोटारी आणि कुत्री अशी सरमिसळ केली, शेवटी माणसांनीच गाड्या ओढल्या आणि परतीच्या वाटेवर तो व त्याचे सोबती गारठून मेले. त्यांचा शोध घ्यायला १९१२ च्या ऑक्टोबराअखेर जी तुकडी निघाली, तिच्यात सात हिंदुस्थानी खेचरे होती. शिमल्याला शिकवून तयार केलेली. त्यांची नावे: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. त्यांच्या खुरांना बर्फात न रुतणारे जोडे होते आणि डोळ्यांवर बर्फाची तिरीप अडवणारे चष्मे. १२ नोव्हेंबरला खेचरांबरोबरच्या माणसांनाच स्कॉटचा तंबू दिसला. प्यारी आणि गुलाब यांनी त्या पांढऱ्या सपाटीवर काय पाहिले असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो. पुढे दक्षिण ध्रुवाच्या खंडावर कुत्री नेण्यालाच आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आली आणि १ एप्रिल १९९४ च्या आत उरलेली कुत्री तेथून हलवली गेली. कारण रास्त होते. तेथल्या सीलना कुत्र्यांचे रोग लागू नयेत.

कारणे बहुतेक रास्तच असतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा हुकूम दिला. तळपत्या डांबरावर, बेतास बात पाण्यावर उभे असलेले ते घोडे मी स्वतः पाहिले आहेत. निकाल चुकला असे मी म्हणणार नाही. याच मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८३ पासून आहे, म्हणजे घोड्याच्या दुःखाची जाण आपल्याला काही काल आलेली नाही. फक्त घोडा सोडवताना घोडेवाल्याचे काय करायचे, याचे उत्तर दर वेळी मागाहून शोधले जाते.

माथेरानवरही तो प्रश्न आता आला आहे. तेथे घोड्यांशिवाय आणखी एक वाहन होते: माणसाने ओढायची रिक्षा. एक पुढे, दोन मागे, आणि आत आपण. ती पाहून मला नेहमी खाली मान घालाविशी वाटे आणि तरीही आईला गुडघ्यांचा त्रास झाला त्या वर्षी आम्ही तिला तीतच बसवून नेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम दिला. माणसाने माणसाला ओढू नये, यावर दुमत कसले! रिक्षा ओढणाऱ्यांनाच विजेची रिक्षा द्यावी, असे न्यायालयाचे म्हणणे. पण घोडेवाले अस्वस्थ आहेत. शाळेतली मुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे यांना विजेची रिक्षा हवी हे त्यांनाही कळते. शेवटी मुले त्यांचीच आहेत. त्यांची भीती निराळी. लाल मातीवर घोड्याचा पाय ठरतो. रस्त्याला बसवलेल्या फरश्यांवर नाल घसरतो, असे ते सांगतात. आणि रिक्षा, त्या आजींच्या होडीसारखी, पावसाळ्यात उभी राहिली तर जेवायला मागत नाही. अशा प्रतिस्पर्ध्याशी झुंजायचे कसे?

घोडेवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात माथेरानच्या गाडीचे रूळ वाहून गेले आणि गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. त्या काळात माणूस आणि माल वरपर्यंत न्यायला पाठी होत्या त्या घोड्यांच्या आणि हमालांच्याच. पुढे २०२० च्या मार्चपासून टाळेबंदीत डोंगर रिकामा झाला, तेव्हा ऐन उन्हाळ्यातच पावसाळा आला म्हणायचा. तेव्हा मामा हयात नव्हते. त्यांच्या मुलाने मला फोनवर सांगितले, की चारादाणा बाहेरच्या भल्या माणसांकडून आला म्हणून जनावरे जगली. मी काही रक्कम पाठवली. वडिलांनी कापलेल्या त्या आठ आण्यांची आठवण होऊन थोडी जास्त पाठवली, हेही येथे कबूल करतो.

माथेरान म्हटले की हॉटेले, मोरांबा आणि माकडे, एवढेच आपल्या घरात बोलले जाते. भाई कोतवाल माथेरानचे, हे किती जणांना आठवते? १ डिसेंबर १९१२ ला तेथे एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा माणूस नगरपालिकेत गरिबांसाठी भांडला आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळी झेलून गेला. पाहुण्यांची दाढी करणारे, त्यांचे सामान उचलणारे, त्यांना घोड्यावर बसवणारे यांचेही ते गाव आहे. किंबहुना बारा महिने ते त्यांचेच आहे.

गेल्या खेपेला नातवाला घेऊन गेलो. दस्तुरीवर उतरलो, तो माझे गुडघे आईच्या गुडघ्यांसारखेच बोलू लागले. समोर विजेची रिक्षा उभी होती आणि तिच्या पलीकडे, घोडी धरून, मामांचा मुलगा. त्याने मला पाहिले. मी संकोचलो. त्याने पुढे येऊन माझी पिशवी घेतली आणि स्वतःच रिक्षात ठेवली. म्हणाला, "तुम्ही बसा काका. पोराला मी आणतो." नातू घोडीवर चढला. घोडीचे नाव राणी. अंटार्क्टिकावर गेलेल्या एका खेचरीचेही तेच नाव होते, हे मी त्याला सांगितले नाही.

रिक्षा आवाज न करता पुढे गेली. बाजारपेठेत उतरून मी वीस मिनिटे वाट पाहिली. मग झाडांमागून टापा ऐकू आल्या. नातू लगाम हातात घेऊन ताठ बसला होता आणि मामांचा मुलगा बाजूने चालत होता. त्याच्या पायात बूट होते, एवढा फरक. खाली उतरताच नातू म्हणाला, "आजोबा, आणखी एक फेरी!"

मी म्हटले, "आधी घोडीला विचार. आणि दुसरी फेरी मारायचीच असेल, तर तू चालायचेस, काकांना बसू दे."

त्याला ती थट्टा वाटली. मामांचा मुलगा मात्र हसला आणि राणीचा तंग सैल करू लागला.

दर वर्षी दसरा झाला की त्याचा फोन येतो. घोडी वर पोहोचली, पाय ठीक आहेत, नवे नाल मारले. मग तो विचारतो, तुमच्याकडे होड्या गेल्या का? मी सांगतो, गेल्या, बोंबील चांगला आहे. यंदाही फोन आला. दोनपैकी एक घोडी त्याने विकली आहे. चंदी परवडत नाही म्हणाला. राणी आहे.

आम्ही कार्तिकात जाणार आहोत.